सोमवारचं वांगं

आमच्या मजल्यावरचे आपा गवस सोमवारी वांगं भाजत नाहीत.

सोमवारी मासे न खाणारी माणसं आमच्या करी रोडला घरोघरी सापडतील. पण सोमवारी भाजलेलं वांगं वर्ज्य असलेला माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. वांग्याची भाजी चालते, भरलं वांगं चालतं. फक्त शेगडीवरचं चालत नाही. एकदा मी कारण विचारलं, तर निखाऱ्यांवरची नजर न काढता म्हणाले, "अगो, भाजल्यार तेका बांगड्याची चव येता. खाताना माझ्या मनात बांगडोच आसता. देवाक मन दिसता मां?"

मी मूळची घाटावरची, साताऱ्याकडची; पण करी रोडला आयुष्य गेल्यावर मालवणी कानात आपोआप मुरते. भाषा कळली तरी आपांचा हिशेब कळायला वेळ लागला. त्यांच्या लेखी वांगं, भोपळा आणि दुधी हे मासे. रताळं, सुरण आणि कच्ची केळी ही उपासाची. म्हणून सोमवारी आणि अख्ख्या श्रावणात शेगडीवर रताळी-केळी आणि एरवी 'मासे'.

शेगडी म्हणजे खरोखरची. लोखंडी, कोळशाची. चाळ पाडून आम्हाला जो टॉवर मिळाला, त्यात स्वयंपाकघराला लागून कपडे वाळत घालायला एक चिमुकली बाल्कनी दिली आहे. बाकीच्या घरांत तिथे वॉशिंग मशीन असतं. आपांच्या घरात तिथे शेगडी आहे आणि वॉशिंग मशीन हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी, वर फुलदाणी ठेवून बसवलेलं आहे. दुबईच्या मुलाने विजेवरचा छान चकचकीत ग्रिल पाठवला होता. आपांनी त्यावर एकदा भोपळा भाजला, खाल्ला, आणि ग्रिल परत खोक्यात घालून ठेवला. म्हणाले, ही इस्त्री आहे, भोपळ्याला इस्त्री कशाला करायची?

आपांना भाजी घेताना बघावं. पुलाखाली भाजीवाले बसतात तिथे ते रोज जातात. वांग्याची हिरवी टोपी नखाने किंचित उचलून आत बघतात, जसा बाजारात माशाचा कल्ला उचलून बघतात तसा. मग बोटाने पोट दाबतात, नाकाजवळ नेतात आणि "कालचा आसा" असं म्हणून खाली ठेवतात. भाजीवाला आता सवयीचा झाला आहे. लाल भोपळा कापताना तो स्वतःच विचारतो, तुकडी डोक्याकडची देऊ का शेपटीकडची?

घरी आल्यावर भोपळ्याच्या सुरमईसारख्या तुकड्या पडतात, बोटभर जाड, सगळ्या एका मापाच्या. एखादी तुकडी वेडीवाकडी निघाली तर ती आमटीत जाते. मीठ, हळद, आलं-लसूण, गावाहून आलेला लाल मसाला, ठेचलेली तिरफळं आणि आगळ, म्हणजे कोकमाचा दाट रस. सुरण आगळात जास्त वेळ ठेवायचा, नाहीतर घसा खाजतो. कोळशावर राखेची पांढरी साय धरेपर्यंत जाळी ठेवायची नाही. निखारे फुलवायला गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा पुठ्ठा. खोबरेल लावायला केळीच्या देठाचा चेचलेला कुंचला. एवढं सगळं करून ती तुकडी तुमच्यापुढे ठेवताना आपा न चुकता सांगतात, "काटो नाय."

भोपळ्याला काटा कसा असेल? पण आपा दर वेळी सांगणार. सुरण दिला, काटो नाय. रताळं दिलं, काटो नाय. आमच्या मजल्यावरची मुलं आता आइस्क्रीम खातानाही एकमेकांना तेच सांगतात.

पण हे ते नुसतं सांगत नाहीत, पाळतात. दोडक्याच्या शिरा, पडवळाच्या बिया, मिरचीचा देठ, फोडणीतलं कढीपत्त्याचं पान, सगळं वेचून बाहेर. शेवग्याच्या शेंगेवर तर त्यांचा दात आहे. मी एकदा शेंगा घातलेली आमटी पाठवली, ती तशीच परत आली, डब्यासकट, आणि मागोमाग आपा आले. तोंडातून काढून बाजूला ठेवावं लागतं असलं जेवण कशाला करता, म्हणून माझीच हजेरी घेऊन गेले. मी दिवसभर चिडलेली होते. शेंगा चांगल्या होत्या.

दुसरी खोड म्हणजे आवाज. आपा उंच, हडकुळे, अर्धी विजार, गंजीफ्रॉक, खांद्यावर पंचा. आणि या काडीच्या देहात भोंगा बसवलेला. घरात जे जे घडतं ते ते मोठ्याने सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. दार उघडून मला बघितलं की आत वळून ओरडणार, "सेक्रेटरीण इली गो. पिवळी साडी नेसान इली हा. हातात डबो आसा." मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे, कारण सभेत बाकी कोणी हात वर केला नाही. पाणी प्यायला घेतलं तरी आपा सांगणार, पंखा लावला तरी सांगणार. आमच्या मजल्यावर त्यांना आकाशवाणी म्हणतात.

तिसरी खोड ताटाची. पूर्वी पंगतीत वाढायचे तसं ताट वाढायचं. मीठ वर मधोमध, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, भात खाली. भाजलेली तुकडी उजवीकडेच पडणार. घाईघाईत शेगडीपाशी उभ्याने खायचं म्हटलं तरी बशीत हाच नकाशा. तुम्ही बशी जरा फिरवलीत तर आपा काही न बोलता ती पुन्हा सरळ करतात.

आपांची बायको, म्हणजे आमच्या काकी, मात्र अगदी उलट. मालूकाकी बोलायच्या कमी, दिसायच्या त्याहून कमी. चाळीत होतो तेव्हा गणपतीचे मोदक त्यांच्याच हातचे असायचे. टॉवरमध्ये आल्यावर हळूहळू त्यांनी बाहेर पडणं सोडलं. लिफ्टमध्ये दिसल्या आणि आपण हसलो तर त्या समोर बघत राहायच्या. टॉवरात आल्यावर शिष्ट झाली, असं बायका म्हणायच्या. मीही म्हणाले असेन.

आणि सगळ्यात मोठं कोडं होतं ते हे, की आपांनी मासे सोडले कशासाठी? हा माणूस भरती-ओहोटी बघून वरळी कोळीवाड्याला पायी जाणारा. होडीतली जाळी किनाऱ्यावर सुटायच्या आत हजर. एक दिवस अचानक त्यांनी जाहीर केलं, मासे बंद. घरातही शिजणार नाहीत. नवस आहे.

कसला नवस ते प्रत्येकाला वेगळं सांगितलं. वॉचमनला म्हणाले, मुलाच्या नोकरीसाठी. चेअरमनना म्हणाले, गुडघ्यासाठी. कोळीवाड्याहून पाटी घेऊन येणाऱ्या मावशींना म्हणाले, गावच्या रवळनाथाने मागून घेतले. मावशी अजून त्यांच्या दारी थांबतात. आपा घेत काही नाहीत, पण पाटीवरचं फडकं उचलून आज काय आलंय ते मोठ्याने वाचून काढतात, सौंदाळे, मांदेली, बांगडे, आणि दार लावून घेतात. सोसायटीत पैजा लागल्या होत्या. कोणी म्हणायचं कोलेस्टेरॉल, कोणी म्हणायचं कुठल्या तरी बाबांचा नाद. मलाही राहवत नव्हतं. कोणाच्या घरात काय शिजतं हे ठाऊक असण्याची आम्हा चाळकऱ्यांना सवय, आणि इथे शेजारच्या दारामागे चाललेलं मला उमगत नव्हतं.

मग ती भोंग्याची संध्याकाळ आली.

आपांच्या घराचं दार उघडं राहिलं, वारा फिरला आणि वांग्याचा धूर बाल्कनीतून लॉबीत आला. आगीचा भोंगा वाजायला लागला. अख्खा टॉवर जिन्याने खाली. कोणाच्या हातात पासपोर्ट, कोणाच्या हातात देव, एक बाई शिट्टी न झालेला कुकर घेऊन उतरल्या. सगळ्यांत शेवटी आपा आले. एका हातात काकींचा हात, दुसऱ्या हातात झाकलेली परात, आणि तोंडाने मोठ्याने, "आता पायरी, आता वळण, आता सपाट." खाली आल्यावर आग कुठे आहे ते कळलं तेव्हा परात उघडून म्हणाले, आलाच आहात तर खाऊन जा, काटो नाय. निम्म्या लोकांनी खाल्लंही. चेअरमननी दोन तुकड्या घेतल्या आणि बोटं पुसत उद्याची सभा जाहीर केली.

सभेत ठरलं की घरात कोळसा पेटवायचा नाही. ठराव योग्यच होता, मी स्वतः हात वर केला. एवढ्या उंचावर कोणाच्या पडद्याला ठिणगी लागली तर मग वांग्याचं कौतुक कोण करणार? आपांना हे सांगण्याचं काम अर्थातच सेक्रेटरीकडे आलं.

मी संध्याकाळी गेले. "सेक्रेटरीण इली, निळो ड्रेस, हात रिकामे," अशी वर्दी आत गेली. जेवणाची वेळ होती. काकी टेबलाशी बसल्या होत्या, ताट वाढलेलं होतं. आपांनी माझ्यापुढेही बशी ठेवली आणि दुसरी खेप काढायला ते बाल्कनीत गेले. विषय कसा काढावा या विचारात मी माझी पर्स टेबलावर ठेवली. जागा कमी होती, म्हणून काकींचं ताट जरासं पलीकडे सरकवलं आणि पाण्याचं भांडं अलीकडे घेतलं.

काकींनी हात पुढे केला. जिथे तुकडी आहे असं त्यांना वाटलं, तिथे त्यांची बोटं पाण्यात गेली. भांडं आडवं झालं. त्या तशाच थांबल्या, ओला हात हवेत, नजर समोरच्या भिंतीवर. ती नजर लिफ्टमधलीच होती. त्या क्षणी मला इतक्या गोष्टी एकदम कळल्या की मी उठून उभी राहिले.

आपा आतून धावत आले. सांडलेलं बघितलं, माझी पर्स बघितली, आणि काकींचा हात पंच्याने पुसत म्हणाले की चूक त्यांचीच, ताट त्यांनीच वाकडं ठेवलं, म्हातारपण आलं. ताट जागेवर केलं, भांडं जागेवर केलं आणि पुन्हा शेगडीकडे गेले. माझ्याकडे बघितलं नाही.

काकी हळू आवाजात म्हणाल्या, "घाबरा नको. माका दिसणा नाय. तेंका वाटता, कोणाक म्हायत नाय."

मग पुठ्ठ्याचा आवाज येत होता तेवढ्या वेळात त्यांनी मला सगळं सांगितलं. साखरेच्या आजाराने डोळे आधी अंधूक झाले आणि मग गेलेच. घरातल्या घरात त्यांना भिंती पाठ आहेत, पण चारचौघांत चाचपडायची लाज वाटते. एकदा बांगडा खाताना काटा घशात अडकला. रात्रभर हॉस्पिटलात काढावी लागली. त्यानंतर त्यांनी जेवणच टाकलं होतं. दही-भाताचे दोन घास, तेही आत, एकट्याने. दुसऱ्याने भरवलेलं नको. मग एका सकाळी आपांनी नवस जाहीर केला, आणि त्याच संध्याकाळी शेगडी पेटली. कोळशाचा, तिरफळाचा वास आला, गावच्या चुलीवर बांगडा भाजल्यासारखा, आणि काकी भिंत धरून आपणहून टेबलाशी आल्या.

"माशे तेंनी माझ्यासाठी सोडले, ह्या माका म्हायत आसा," काकी म्हणाल्या. "पण माका म्हायत आसा, ह्या तेंका म्हायत नाय. ता तसाच ऱ्हवांदे."

आणि मग माझ्याकडे जरा वाकून त्यांनी हेही सांगून टाकलं की वांगं त्यांना लहानपणापासून आवडत नाही.

आपा परातीसह आले आणि मी काय कामाला आले होते ते विचारलं. सांगण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी ठराव सांगितला. आपा भांडतील असं वाटलं होतं, ते भांडले नाहीत. खुर्चीत बसले. हा माणूस बसलेला मी क्वचितच पाहिला होता.

"शेगडी बंद झाली तर ही जेवची नाय," ते म्हणाले. मग चपापून म्हणाले, "म्हणजे, मी जेवचंय नाय."

मी म्हणाले, घरात नको, पण गच्चीवर टाकीच्या बाजूला जागा आहे. वाळूची बादली ठेवू, पाण्याची ठेवू, कमिटीला मी बघते. आपांनी मान हलवली. वरून खाली आणेपर्यंत सगळं गार होणार, आणि गार भोपळा म्हणजे नुसता भोपळा. आणि वर भाजत बसलो तर इथे ही...

"मी येतंय वर," काकी म्हणाल्या. "माका हात धरून व्हरा. लोकांक काय बघूचा ता बघांदेत."

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी गच्चीवर शेगडी पेटायला लागली. गच्चीवर फेऱ्या मारणारी मंडळी पहिल्यांदा थांबून बघायला लागली. आपा काकींना हाताला धरून आणत होते आणि गच्चीचं पूर्ण वर्णन करत होते: ही टाकी, हा कठडा, हा चेअरमन, ढेरी वाढली हा. चेअरमननी पोट आत घेतलं आणि पुढे होऊन स्वतःच आपलं नाव सांगितलं. मग बाकीचेही सांगायला लागले. काकी, मी खालच्या मजल्यावरची. काकी, मी चाळीत तुमच्या समोरच्या खोलीतला. काकी प्रत्येकाला आवाजावरून ओळखून त्याच्या जुन्या खोड्या सांगत होत्या. शिष्ट म्हणणाऱ्या बायका त्यांच्या शेजारी मांडी घालून बसल्या आणि भोपळ्याची तुकडी चाखत मसाल्याचं प्रमाण विचारायला लागल्या.

थोड्या दिवसांनी काकींनी मला खाजगीत एक काम सांगितलं. बुधवारी कोळणीकडून एक ताजा बांगडा घ्यायचा, साफ करून मीठ, हळद आणि आगळ लावायचा, आणि वर आणायचा. कोणाला बोलायचं नाही.

मी डबा घेऊन गेले. काकींनी तो आपांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, हे भाजा. आपांनी झाकण उघडलं. मग कसंबसं नवसाचं काहीतरी पुटपुटले.

"रवळनाथ काल सपनात इल्लो," काकी म्हणाल्या. "नवस फिटलो म्हणान सांगल्यान."

आता मुळात नसलेला नवस देवानेच येऊन फेडून टाकला, तर माणसाने तक्रार कोणाकडे करायची? आपांनी माझ्याकडे बघितलं, मी लांब दिसणाऱ्या समुद्राकडे बघितलं. त्यांनी बांगडा जाळीवर ठेवला. त्याचा वास उठला तेव्हा मला कळलं की इतके महिने भोपळ्याने आणि वांग्याने बिचाऱ्यांनी किती कष्ट घेतले होते.

भाजलेला बांगडा काकींनी आपल्या पुढ्यात मागितला. आपा नको नको म्हणत असताना त्यांनी बोटं पाठीवरून फिरवली, कणा सापडला तिथे अंगठा घातला आणि मधला काटा आख्खा उचलून बाजूला ठेवला. मग पोटाकडचे बारीक काटे. मग प्रत्येक घास दोन बोटांत चुरून बघितला, पुन्हा बघितला. सगळं मांस बशीत उजवीकडे, जिथे तुकडी वाढतात तिथे, नीट रचलं आणि बशी आपांच्या दिशेने सरकवली.

"काटो नाय," त्या म्हणाल्या. "खावा."

आपांनी घास घेतला. ज्या माणसाने लावलेला पंखासुद्धा कधी सांगितल्याशिवाय सोडला नाही, तो आज काही बोलेना. काकी वाट बघत होत्या. चेहरा आपांकडे, कानही आपांकडे. शेवटी त्यांनी विचारलं, "कसो आसा?"

आपांनी जोरजोरात मान हलवली. काकींना दिसत नाही हे ते इतक्या दिवसांत पहिल्यांदाच विसरले होते. कोणीतरी सांगायला हवंच होतं.

"काकी, मान हलवतायत," मी म्हणाले. "दुसरा घास घेतला. पंच्याने डोळे पुसतायत."

"धूर गेलो आसतलो," काकी म्हणाल्या आणि हात धुवायला पाणी मागितलं.

पुढच्या सोमवारी मी गच्चीवर गेले तर जाळीवर वांगं. मी आपांना वाराची आठवण करून दिली. त्यांनी केळीच्या कुंचल्याने शांतपणे खोबरेल लावलं आणि म्हणाले, आज सोमवार आहे ते त्यांना ठाऊक आहे, पण वांगं ते वांगं, त्यात माशाचा काय संबंध? शेजारी काकी बसल्या होत्या. आपांनी भाजलेला गर त्यांच्या बशीत उजवीकडे वाढला आणि नेहमीचं ते वाक्य म्हटलं. काकींनी वांगं खाल्लं, आणि छान झालंय म्हणून सांगितलं.